चादरीएवढी रुंदी

पुण्याहून मल्लूनं फोटो पाठवला. पांढरी, चकचकीत,
मागचं झाकण उचललं की स्वयंपाकघर,
बाजूच्या दारातून आत शिरलं की नुसतं अंथरूण.
किंमत चार लाख वीस हजार, नंबर प्लेटसकट.
आपल्या बोलेरोमागं जोडायची आणि सुटायचं, मामी.
हिला अश्रूचा थेंब म्हणतात, असंही त्यानं खाली लिहिलं होतं.
मला ती फोडलेल्या शेंगदाण्याची पाकळी वाटली,
टोकाला जरा चिमटलेली.

गुरुपाद चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
"एवढ्याशाला चार लाख? आपण करू की.
तीस वर्षं एसटीचे पत्रे ठोकले, ते काय उगाच?"
आणि विजेच्या बिलाच्या पाठीवर हिशोब सुरू:
अक्कलकोट रोडच्या भंगारातून एक्सल,
मारुतीची दोन चाकं, बशीरकडून वेल्डिंग,
प्लाय, पत्रा, दाराचं रबर, रिवेट पाव किलो.
बेरीज दीड लाखाच्या आत.
बेरजेत त्यांची कंबर धरलेली नव्हती.
आरटीओतले हेलपाटेही नव्हते.

मी काही बोलले नाही.
आमच्या घरात एक झोपाळा आहे, सहा वर्षं झाली,
त्याच्या फक्त कड्या लटकतात.
एक कपाट आहे, त्याचं दार दिवाळीला बसणार आहे,
कुठल्या दिवाळीला ते दारालाच ठाऊक.
विकत घेतली तर येत्या थंडीत
नान्नजच्या माळाकडेला पहाटे दार उघडून
पाय खाली सोडून बसता येईल.
करायला घेतली तर तोवर
माळढोक तरी थांबेल का?

रात्री दहाला गच्चीवर दोन बादल्या पाणी मारलं.
फरशी चर्र वाजली, लगेच सुकली.
"आखून बघू," ते म्हणाले, खडू हातात,
आणि टेप खाली विसरलेला.
मी चादर अंथरली. पाच फूट रुंद.
कारखान्यात घडी खात्यात अठरा वर्षं काढलीत मी,
पाच फूट मला टेपशिवाय कळतात,
दोन्ही हात फाकले आणि वर थोडी ओढ लागली की पाच.
तिच्या कडेनं त्यांनी पाकळी आखली
आणि आम्ही आत जाऊन आडवे झालो.

शेजारच्या गच्चीवरून व्यंकूबाई,
"काय ओ, गादी कुठाय?"
"गाडीत झोपलोय," मी म्हटलं.
ती बराच वेळ कठड्याला टेकून गाडी शोधत राहिली.

त्यांचं कोपर माझ्या बरगडीत.
माझे पाय रेषेच्या आत, त्यांचे बाहेर.
छप्पर नव्हतं म्हणून बरं, नाहीतर
मला मशीनच्या खोलीसारखं झालं असतं.
खिडकी वर हवी, मी म्हटलं. डोक्यावर.
"लावू की."

मग ते उठून शेपटाकडे गेले, गुडघ्यावर बसले,
हवेत तळहात आडवा धरून म्हणाले,
"ओटा किती उंच करू?"

चार फूट दहा इंच आहे मी.
सासूबाईंचा ओटा सासूबाईंच्या उंचीचा होता,
इथला बिल्डरच्या.
पीठ मळताना माझे खांदे कानाला लागतात,
चाळीस वर्षं लागतायत,
आणि फोटोतली चहा करणारी बाई
सहज साडेपाच फूट असेल.
मी उभी राहिले, कोपर दुमडलं. इथं.
त्यांनी खिशातल्या सुतळीला गाठ मारली.

दुपारच्या धुळीनं खडू अर्धा नेला.
मल्लूचा फोन: मामी, दुसरं गिऱ्हाईक आलंय,
टोकन आज पाठवता का?
मामा आंघोळीला गेलेत, मी म्हटलं.
ते समोरच बसले होते, कंबरेला बाम चोळत.

संध्याकाळी मी एकटीच वर गेले.
रेष परत ओढली,
माझ्या बाजूनं वीतभर बाहेर.
खाली येऊन सांगितलं, आधी कपाटाचं दार.
ते काही बोलले नाहीत. स्क्रू शोधायला लागले.
सुतळी झोपाळ्याच्या कडीला अडकवून ठेवलीय,
हरवू नये म्हणून.